लाल दिवा लागला की गाडी थांबवा



आम्ही तेलगावच्या बचत गटातल्या बाया आज तुमच्याशी बोलणार आहोत. आमचं गाव धारूर तालुक्यात. बीडहून परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरला जाणारा रस्ता आमच्याच गावात एकमेकांना मिळतात. साखर कारखाना जवळच आहे. हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरांची आणि ट्रकांची वर्दळ रात्रीसुद्धा थांबत नाही. इतक्या गाड्या रोज डोळ्यांपुढून जातात, पण गाडीच्या आत काय असतं ते आम्ही कधी बघितलं नव्हतं. ते बघायची वेळ कशी आली, त्यात गटाचे किती पैसे गेले आणि आता आम्ही काय करतो, एवढंच आज सांगायचं आहे.

काही जणी म्हणतील, गाडीचं बघणं हे गडीमाणसांचं काम. मैत्रिणींनो, आपल्या बीड जिल्ह्याचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पार कोल्हापूर-सांगलीकडं आणि कर्नाटकात जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि काही घरांमधल्या बाया. दारात एखादी जुनी गाडी असते, चालवायला एखादा पोरगाही मिळतो. पण गाडीचं दुखणं ओळखणारं कोणी जवळ नसतं. मग ते आपणच शिकलेलं बरं.

आमची गाडी आणि तिचा दिवा

आमचा गट अकरा जणींचा. दर महिन्याला प्रत्येकीची दोनशे रुपये बचत, म्हणजे महिन्याला २,२०० रुपये. पापड, शेवया, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला असा माल आम्ही करतो. आधी एसटीनं न्यायचो. डबे, पोती, उतरताना हमाली, त्यात शेवयांचा चुरा. शेवटी गटाच्या पैशातून ७२,००० रुपयांना एक जुनी ओम्नी घेतली. हिशेब केला तर अकरा जणींची जवळजवळ पावणेतीन वर्षांची बचत त्या गाडीत गेली. गाडी एका सदस्य ताईच्या नावावर केली. चालवायला तिचाच मुलगा, परवाना असलेला, शांत स्वभावाचा.

पहिले काही महिने गाडी चांगली चालली. मग थंडीत सकाळी गाडी सुरू केली की चीं-चीं असा आवाज यायला लागला आणि समोरच्या मीटरमध्ये बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा मधूनच लुकलुकायला लागला. गॅरेजमध्ये दाखवली. बघणाऱ्यानं बोनेट-सीट काही उचललं नाही. दिवा बघितला आणि म्हणाला, बॅटरी गेली. आम्ही ३,८०० रुपयांची नवी बॅटरी बसवली. दिवा तसाच लुकलुकत राहिला, आवाजही तसाच. परत विचारलं तर उत्तर मिळालं, जुन्या गाडीत एवढं चालायचंच.

आम्ही ते मानलं. त्या दिव्याकडं बघणंच सोडून दिलं. आमची पहिली चूक ती.

घाटातला दिवस

संक्रांतीच्या आधी केजला आमच्या मालाची विक्री होती. सकाळी गाडी भरली. पुढं पोरगा आणि एक ताई, मागं डब्यांमध्ये आम्ही तिघी. धारूरचा घाट ज्यांनी बघितला आहे त्यांना माहीत आहे, रस्ता अरुंद, वळणं एकामागं एक, आणि वरून उसाचे ट्रॅक्टर उतरत असतात. घाट चढायला लागलो आणि खालून एकदा फट्ट असा आवाज आला. चीं-चीं एकदम बंद झाली. आम्ही म्हणालो, बरं झालं, आवाज गेला.

पोरगा म्हणाला, "मावशी, बॅटरीचा लाइट आता लुकलुकत नाही, पक्का लागलाय. थांबवू का?"

आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "चल बाबा, नवी बॅटरी आहे. केजला पोचल्यावर बघू. उशीर झाला तर जागा मिळायची नाही."

दोन-तीन वळणं गेली. पोरगा पुन्हा म्हणाला, "काटा वर चाललाय." आम्ही पुन्हा म्हणालो, "वरपर्यंत चल, धारूर आलंच." मग पुढच्या सीटखालून ऊब यायला लागली. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. गाडीचा जोर कमी झाला, वाफ निघाली, आणि एका वळणाच्या अलीकडं गाडी बंद पडली ती पडलीच.

आम्ही खाली उतरलो, चाकांना दगड लावले. पोरगा घाबरून पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला. तेवढ्यात वरून उतरणाऱ्या ट्रॅक्टरवरचे एक काका जोरात ओरडले, "हात लावू नको, तोंड भाजेल!" त्यांनी ट्रॅक्टर पुढं बाजूला लावला, चालत मागं आले आणि पाऊण तास कोणालाही झाकणाला हात लावू दिला नाही. त्यांचं नाव विचारायचंही आम्हाला सुचलं नाही. त्या पोराचा चेहरा आज धड आहे तो त्यांच्यामुळं.

गाडी ओढून धारूरला नेली. तिथल्या मिस्त्रींनी सीट उचलली आणि तुटलेला पट्टा काढून आमच्या हातात दिला. रबर वाळून तडकलेलं होतं, कडा चमकत होत्या. ते म्हणाले, "ताई, तुमची बॅटरी कधी बिघडलीच नव्हती. हा पट्टा सैल होता, म्हणून आवाज करत होता."

नव्या पट्ट्याची किंमत ३५० रुपये. इंजिन तापल्यामुळं वरचं हेड वाकलं, हेड गॅस्केट उडालं. हेड लेथवर नेऊन सपाट करणं, नवं गॅस्केट, तेल, मजुरी आणि गाडी ओढून आणण्याचं भाडं मिळून १७,६०० रुपये लागले. म्हणजे अकरा जणींची बरोबर आठ महिन्यांची बचत.

दिवा बॅटरीचा, रोग पट्ट्याचा

हे कसं झालं ते आम्ही मिस्त्रींकडून समजून घेतलं. तुम्हीही समजून घ्या.

गाडी चालू असताना वीज बॅटरी देत नाही, डायनॅमो देतो. काही जण त्याला अल्टरनेटर म्हणतात. इंजिन फिरतं, ते पट्ट्यानं डायनॅमोला फिरवतं, आणि डायनॅमो बॅटरी भरत राहतो. पिठाच्या गिरणीत मोटरवरून जात्याला पट्टा असतो ना, तसंच. बॅटरीचा लाल दिवा गाडी चालू असताना लागला, तर त्याचा अर्थ एवढाच की बॅटरी भरली जात नाही. का भरली जात नाही, ते दिवा सांगत नाही. पट्टा सैल असेल, तुटला असेल, डायनॅमो बिघडला असेल, नाहीतर एखादी वायर निघाली असेल.

आणि आमच्या गाडीसारख्या बऱ्याच जुन्या गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. पंप इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडं नेतो, तिथं ते गार होतं आणि परत येतं. पट्टा तुटला की बॅटरी भरणं थांबतं आणि पाणी फिरणंही थांबतं. म्हणून बॅटरीचा दिवा आणि तापमानाचा काटा एकापाठोपाठ वर आले, तर पहिला संशय पट्ट्यावर घ्यायचा आणि गाडी तिथंच थांबवायची. आम्ही पहिल्या वळणावर थांबलो असतो, तर ३५० रुपयांत आणि एका दिवसाच्या खोळंब्यात भागलं असतं.

बॅटरी आणि डायनॅमो यांतलं कोण आजारी आहे हे बघायला मीटर मिळतो, काही शे रुपयांत. आमच्या गटानं तो घेतला आहे. गाडी रात्रभर बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण साडेबारा व्होल्ट दिसतात. गाडी चालू केल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान दिसले, तर डायनॅमो भरतो आहे. चालू करूनही आकडा वाढलाच नाही, तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही. हे दोन आकडे आधी माहीत असते तर आमचे ३,८०० रुपये वाचले असते.

कोणत्या दिव्याला काय करायचं

आता बाकीचे दिवे. एक साधी खूण धरा. लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे जपून जा आणि लवकर दाखवा.

पहिला, तेलाचा लाल दिवा. त्यावर तेलाच्या किटलीचं चित्र असतं, टोकाला थेंब. हा सगळ्यात वाईट. इंजिनात तेलाचा दाब गेला, असं तो सांगतो. इंजिनातले लोखंडी भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून मधे तेलाचा पातळ थर असतो. दाब गेला की तो थर राहत नाही, आणि मग काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं. हा दिवा चालत्या गाडीत लागला की अर्धा किलोमीटरसुद्धा पुढं जायचं नाही. गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं. दहा मिनिटांनी तेलाची पट्टी काढून बघायची. तेल कमी असेल तर त्याच प्रकारचं तेल घालायचं, सुरू करायचं, आणि दिवा लगेच गेला तरच पुढं निघायचं. पट्टीवर तेल पुरेसं असूनही दिवा लागत असेल, तर गाडी सुरू करायचीच नाही, ओढून न्यायची.

दुसरा, तापमानाचा काटा किंवा दिवा. थर्मामीटर पाण्यात बुडवल्यासारखं चित्र असतं. काटा नेहमीच्या जागेच्या वर सरकायला लागला की एसी असेल तर बंद करा, सुरक्षित जागा बघून थांबा, इंजिन बंद करा. एक धोका लक्षात ठेवा. आतलं पाणीच संपलं, तर काटा कधीकधी खाली येतो, कारण मोजायला पाणीच उरत नाही. वाफ आणि वास येत असताना काटा खाली आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

तिसरा, ब्रेकचा लाल दिवा, गोलात उद्गारचिन्ह. आधी हँडब्रेक ओढलेला राहिला आहे का बघा. तो खाली असूनही दिवा असेल, तर ब्रेक ऑइलची बाटली बघा. ब्रेक ऑइल आपोआप उडून जात नाही. ते कमी झालं म्हणजे लायनर झिजले आहेत किंवा कुठंतरी गळती आहे. पायाखाली ब्रेक मऊ लागत असेल, खोल जात असेल, तर ती गाडी घाटात न्यायची नाही, कितीही घाई असली तरी.

चौथा, इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत हा नसतो, कॉम्प्युटरवाल्या गाड्यांत असतो. तो लागून राहिला आणि गाडी नीट चालत असेल, तर दोन-चार दिवसांत दाखवा. तो लुकलुकत असेल आणि गाडी हिसके देत असेल, तर थांबा. गॅरेजमध्ये या दिव्यासाठी स्कॅनर लावतात आणि त्यावर एक कोड येतो. तो कोड कागदावर लिहून मागा. कोड हे सांगतो की बिघाड कोणत्या भागाकडं आहे. अमुक वस्तू बदलाच, असं तो सांगत नाही. वायर तुटलेली असली तरी तोच कोड येऊ शकतो. म्हणून वस्तू बदलण्याआधी वायर आणि जोड तपासले का, हे विचारा.

दिव्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तेलाचा आणि बॅटरीचा दिवा लागायलाच हवा. इंजिन सुरू झालं की तो गेला पाहिजे. चावी फिरवूनही दिवा लागला नाही, तर गाडी ठणठणीत आहे असं समजू नका. बल्ब गेला असेल किंवा कोणी काढून टाकला असेल. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा सगळ्यात आधी हे बघा. आणि इंजिन गार असतानाच सुरू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं.

दिव्याशिवाय कळणाऱ्या खुणा

दिवा लागायच्या आधीही गाडी बोलत असते. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन तेल जाळतं आहे. काळा धूर असेल तर पेट्रोल किंवा डिझेल जास्त जातं आहे, हवेची जाळी तुंबली का बघा. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ येते, ती चालते. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी वारंवार कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. तेलाच्या पट्टीवर किंवा तेल ओतायच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा रंग दिसला, तर तेलात पाणी शिरलं असण्याची शक्यता आहे. अशी गाडी चालवू नका, आधी दाखवा.

तापलेल्या गाडीजवळ

हे मात्र नीट ऐका, लेकरांनाही सांगा. रेडिएटर म्हणजे आपला कुकर समजा. झाकण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या पुढं गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम जातो, पाण्याची वाफ होते आणि तोंडावर उडते. शिट्टी चालू असलेल्या कुकरचं झाकण आपण कधी ओढून काढतो का? मग हेही काढायचं नाही.

कमीत कमी अर्धा-पाऊण तास थांबा. झाकणाला हात लावून चटका बसत नाही ना, बघा. मग जाड कापड घेऊन, तोंड बाजूला ठेवून, झाकण थोडं फिरवा, उरलीसुरली वाफ जाऊ द्या आणि नंतर काढा. पाणी हळूहळू घाला. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. तापलेल्या मातीच्या तव्यावर पाणी पडलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. अडचणीत साधं पाणी चालतं, पण नंतर गॅरेजमध्ये ते काढून कुलंट भरून घ्या. साध्या पाण्यानं आतून गंज चढतो.

घाटात थांबायचं तर वळणावर थांबू नका. मागच्याला लांबून दिसेल अशी खूण करा, माणसांना गाडीच्या मागं उभं करू नका. चाकांना दगड लावले असतील, तर निघताना ते रस्त्यातून उचला. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्याचा जीव त्या दगडावर जातो. गाडीत आजारी माणूस किंवा अडलेली बाई असेल, तर गाडी दुरुस्त होण्याची वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन लावा.

गाडीची पंचसूत्री

आपल्या गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. आम्ही गाडीचीही पंचसूत्री केली आहे. आठवड्यातून एकदा, गाडी सपाट जागेवर आणि इंजिन गार असताना, दोघी जणी मिळून बघतो. दहा मिनिटं लागतात.

एक, तेल. पट्टी काढायची, पुसायची, परत घालून काढायची. तेल दोन खुणांच्या मधे हवं. लहान गाड्यांत एकूण तेलच तीन लिटरच्या आसपास असतं, त्यामुळं एक लिटर कमी होणं ही लहान गोष्ट नाही. खुणेच्या वर भरणंही वाईटच.

दोन, पाणी. बाटलीतली पातळी खुणेशी आहे का बघायची. पुन्हा पुन्हा भरावं लागत असेल तर गळती शोधायची.

तीन, पट्टा. इंजिन बंद आणि चावी काढून खिशात. पट्ट्याला तडे, सुटलेले धागे, चमकणारी कड दिसते का बघायचं. अंगठ्यानं मधोमध दाबायचा. फार ढिला लागला तर ताणून घ्यायचा. गाडी चालू असताना पदर, ओढणी, केस किंवा हात तिथं न्यायचा नाही.

चार, दिवे. चावी फिरवून लागतात का, सुरू झाल्यावर जातात का.

पाच, जमीन. रात्रभर गाडी उभी होती तिथं डाग आहे का. काळा-तपकिरी चिकट डाग तेलाचा. हिरवा किंवा लालसर पाण्यासारखा डाग कुलंटचा. जुना पुठ्ठा गाडीखाली टाकून ठेवला की सकाळी स्पष्ट दिसतं.

हे सगळं आम्ही हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर तारखेनिशी लिहितो. किती किलोमीटरला तेल बदललं, पट्टा कधी टाकला, तेही. गॅरेजला जाताना ती वही नेतो. बोलताना "बॅटरी बघा" किंवा "इंजिन बघा" असं म्हणत नाही. काय दिसलं, कधी दिसलं, गार असताना की तापल्यावर, चढावर की सपाटीवर, तेवढंच सांगतो. डॉक्टरला आपण ताप किती दिवस आहे ते सांगतो, औषध कोणतं लिहा ते सांगत नाही, तसंच. आणि मिस्त्रींना तीन गोष्टी विचारतो. हे दुखणं तुम्ही कशावरून ओळखलं? बदलण्याआधी मोजून दाखवाल का? काढलेली जुनी वस्तू परत द्याल का? तेलाचा दिवा लागतो म्हणून कोणी इंजिन उघडायला निघालं, तर आधी गेज लावून तेलाचा दाब मोजायला सांगा. दिव्याचं बटण बिघडलं असेल तर ते थोडक्यात बदलून होतं. चांगल्या मिस्त्रींना या प्रश्नांचा राग येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

बैठकीत काय झालं

आता शेवटचं. गाडी दुरुस्त झाल्यावर बैठक झाली. १७,६०० रुपये कुठून द्यायचे? दोघी-तिघी म्हणाल्या, गाडी पोरगा चालवत होता, त्याच्या आईकडून वसूल करा, हप्त्यानं देईल. ती ताई खाली मान घालून बसली होती. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ती हळूच म्हणाली, "पैसे मी देईन. पण लेकरू दोनदा थांबू का म्हणालं होतं. चल कोण म्हणालं, तेवढं वहीत लिहा."

त्या दिवशी गाडीत असलेल्या आम्ही सगळ्या तिथंच होतो. आम्ही कबूल केलं. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा दुर्लक्ष आम्ही सगळ्यांनी केलं, न तपासता बॅटरी आम्ही सगळ्यांनी घेतली आणि घाटात "चल" आम्हीच म्हणालो. पोरगा वयानं लहान, चार मावश्यांपुढं तो काय बोलणार? खर्च गटाच्या पैशातून झाला. त्या ताईचा हप्ता वाढला नाही, आणि पोराला आम्ही बैठकीत बोलावून तसं सांगितलं.

त्याच दिवशी वहीत एक ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. लाल दिवा लागला तर गाडी थांबवायची की नाही हे चालवणारा ठरवेल, आणि गाडीत बसलेल्या कोणीही त्याला "चल" म्हणायचं नाही. बाजार चुकला तर चुकू दे. त्यानंतर एकदा ब्रेकचा दिवा लागला म्हणून पोरानं वडवणीच्या अलीकडं गाडी थांबवली. आमचा अर्धा दिवस गेला, दोन डबे माल परत आणावा लागला. बाटलीत ब्रेक ऑइल खरंच कमी होतं, मागच्या चाकात गळती निघाली. त्या दिवशी कोणी एक शब्द बोललं नाही. संध्याकाळी त्याच्या हातात चहा दिला, एवढंच.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाकडं गाडी असेल, भाड्याची असेल किंवा घरातली जुनी असेल, तर येत्या बैठकीत तिला दारात उभी करा आणि सगळ्या जणी मिळून चावी फिरवून दिवे बघा. कोणता लागतो, कोणता लागत नाही, वहीत लिहा. आमच्यातल्या दोघी आता गाडी चालवायलाही शिकत आहेत. परवाना मिळाला की त्याबद्दलही सांगू.